घरचा रियाज : दोन सुरांमधलं अंतर

गेल्या वर्षी या सदरात आपण टाळी-खाली मोजत तालाशी ओळख करून घेतली. यंदा सुराकडे वळू या. निमित्त झालं मंडळाच्या जूनमधल्या पिकनिकला कापलेल्या एका केकचं.

'हॅपी बर्थडे' सुरू झालं. पहिल्या दोन ओळी सगळे बरोबर होते. तिसऱ्या ओळीला, जिथे मुलाचं नाव येतं तिथे, नेहमीप्रमाणे सगळे चार दिशांना पांगले. माझ्या शेजारचे एक बाबा मात्र पहिल्यापासून नुसत्या टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, "गा की!" ते हसून म्हणाले, "नको ताई, आमच्या घराण्यातच सूर नाही. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, तू फक्त ओठ हलव." त्यांची दहा वर्षांची मुलगी तिथेच होती. ती सहज म्हणाली, "हो मावशी, मी पण टोन-डेफ आहे."

ते 'मी पण' माझ्या मनातून जाईना. बाबांना निदान कुणीतरी गाणं ऐकून तसं सांगितलं होतं. मुलीला कुणीच काही म्हटलं नव्हतं. उलट ती शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. पण तारा लावताना तिची नजर फोनवरच्या ट्यूनरवर असते. हिरवा दिवा लागला की झालं. आणि लवकरच तिची कानाची परीक्षा होती. शिक्षक दोन सूर वाजवणार आणि हिने त्यांच्यातलं अंतर सांगायचं.

मी दोघांना रविवारी घरी बोलावलं. आधी एक प्रश्न विचारला. 'हॅपी बर्थडे' आजी काळी चारमध्ये गाते आणि आजोबा काळी एकमध्ये. दोघांचा एकही सूर जुळत नसेल, तरी गाणं तेच आहे हे तुम्हाला कसं कळतं? दोघं गप्प. उत्तर सोपं आहे: आपला कान सुटे सूर लक्षात ठेवत नाही, सुरांमधली अंतरं लक्षात ठेवतो. एकच सूर ऐकून 'ही पांढरी चार' असं सांगणारे कान फार थोड्यांना मिळतात, आणि त्यावाचून गाणं अडत नाही. अंतर मात्र बहुतेकांना ओळखता येतं. अडतं ते त्याला नाव देताना.

आता तेच गाणं नीट पाहू. पहिल्या ओळीत 'डे'वरून 'टू'वर जाताना आपण खालच्या प वरून सा वर उडी मारतो. दुसऱ्या ओळीत त्याच जागी प वरून रे वर. तिसऱ्या ओळीत 'हॅपी'वरून 'बर्थ'वर जाताना थेट खालच्या प वरून मधल्या प वर, म्हणजे पूर्ण सप्तक. उडी दर ओळीला मोठी होत जाते. सुरुवात उंच सुरात झाली असेल, तर तिसरी उडी गळ्याच्या बाहेर जाते आणि जो तो आपल्याला झेपेल तिथे उतरतो. पांगापांग होते ती म्हणून. त्यात घराण्याचा काही दोष नाही!

मुलीने विचारलं, "पण शाळेत तर फोर्थ, फिफ्थ म्हणतात." बरोबर. तिकडे दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर मोजतात, आपल्याकडे प्रत्येक सुराचं सा शी नातं बघतात. जोडायला एक युक्ती पुरते: परीक्षेत दोन सूर ऐकले की खालच्या सुराला मनात सा म्हणा आणि वरचा कोणता ते ओळखा. शुद्ध रे आला तर मेजर सेकंड, कोमल ग तर मायनर थर्ड, शुद्ध ग तर मेजर थर्ड, शुद्ध म तर परफेक्ट फोर्थ, प तर परफेक्ट फिफ्थ, शुद्ध ध तर मेजर सिक्स्थ, वरचा सा तर ऑक्टेव्ह. म्हणून प ते सा ही पहिल्या ओळीतली उडी म्हणजे सा ते म, परफेक्ट फोर्थ. दुसऱ्या ओळीतली प ते रे म्हणजे सा ते प, परफेक्ट फिफ्थ.

ही युक्ती परीक्षेपुरती. गाताना सा हलवायचा नाही, कारण सा हलला की सगळंच बदलतं. भूपाचे पाच सूर घ्या आणि त्यातल्या ग ला सा माना. तेच सूर मालकंस होऊन समोर येतात. तानपुरा सतत चालू ठेवायचा तो यासाठीच.

रियाज असा केला. फोनवर तानपुरा लावायचा, ट्यूनर बंद. पहिले दोन आठवडे फक्त तीन अंतरं: सा-म, सा-प, सा-वरचा सा. आधी गायचं, मग ओळखायचं. रोज दहा मिनिटं, डोळे मिटून.

सा-प आधी का? सा ची 240 आंदोलनं धरली तर प ची 360 होतात. दोनास तीन, इतका सोपा हिशेब असल्यामुळे हे दोन सूर एकमेकांत मिसळतात. व्हायोलिनच्या शेजारच्या तारांत हेच अंतर असतं. मुलीला म्हटलं, दोन तारा एकत्र वाजव आणि ऐक. तार थोडी उतरलेली असेल तर आवाज हिंदकळतो. जुळत आणली की हिंदकळणं मंदावतं, आणि मग थांबतं. तिने डोळे मिटून खुंटी फिरवली, थांबली आणि म्हणाली, "आता शांत झालं." मग ट्यूनर लावून बघितला. हिरवा!

ग नंतर घेतला, कारण तिथे गोंधळ आहे. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार 240 च्या हिशेबाने 300 वर असतो. कीबोर्डवरचा ग 302 च्या थोडा वर. फरक बारीक आहे, पण कीबोर्डवर वाढलेल्या कानाला तानपुऱ्याचा ग आधी उतरलेला वाटतो. मुलांनी तसं म्हटलं तर रागावू नका. त्यांनी फरक ऐकला, हेच मोठं आहे.

मुलीच्या परीक्षेत दोन उत्तरं चुकली, दोन्ही सिक्स्थची. बाबांचा ग अजून कमी लागतो. पण सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला आरती सुरू झाली तेव्हा ते मागच्या रांगेत ओठ हलवत नव्हते, गात होते. मध्येच सूर सुटला तेव्हा मुलीने त्यांच्याकडे बघून हाताने 'वर, वर' अशी खूण केली.

या दिवाळीत फराळ झाला की घरातल्या सगळ्यांना बसवा, फोनवर तानपुरा लावा आणि सा-प गाऊन बघा. आणि कुणी 'मला सूर नाही' म्हणालं, तर आधी बघा, शेजारी कुणी लहान मूल ऐकत तर नाही ना.