अडसर आतल्या बाजूस

संपादकीय दप्तरी रुजू झालेली हस्तलिखिते चाळीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. घरच्या घरी विद्युत्-कुलूप तयार करण्याची कृती सांगणारे जे लेख आमच्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांचा शेवट एकाच वाक्याने होतो: योग्य अंक दाबले असता हिरवा दिवा लागतो, रिले ‘टक्’ करतो आणि कुलूप उघडते. ज्याने स्वतः सोल्डरचा पहिला थेंब तांब्याच्या पट्टीवर सोडला आहे आणि त्याचा धूर डोळ्यांत घेतला आहे, त्याला त्या ‘टक्’मधील आनंद परका नाही. परंतु नुसते उघडावयाचेच असेल तर कुलपाची गरज काय, दार पुरे होते. कुलूप मिटलेले राहण्याकरिता निर्माण झाले. आणि ते मिटलेले असताना वीज गेली, पावसाने दार फुगले, वर्ष-दोन वर्षांच्या बोटांनी चार बटणे झिजली, किंवा कोणी बाहेरच्या पेटीचे स्क्रू काढून आतल्या तारा न्याहाळल्या, म्हणजे ते काय करते, याविषयी या लेखांत अवाक्षर नसते.

हा दोष लेखकांच्या पदरी बांधून आम्ही मोकळे होऊ म्हटले, तर आमची आत्याच पहिली फिर्याद गुदरील. काही वर्षांपूर्वी तिच्या कोकणातल्या घराच्या पुढल्या दाराला आम्ही असेच एक कुलूप मोठ्या हौसेने बसवून दिले होते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली १२ व्होल्टची सोलेनॉइड-खिटी, १६ बटणांची पाटी, एटीमेगा ३२८ चा बोर्ड आणि रिलेचे तयार मॉड्यूल, एवढा सारा सरंजाम. दिवाळीपासून वैशाखापर्यंत कुलपाने इमानेइतबारे चाकरी केली. आषाढ लागला, फणसाच्या फळ्यांचे ते जुने दार पाणी पिऊन फुगले, चौकटीत आवळून बसले आणि खिटीवर आडवा दाब आला. आत्या आतून बटण दाबी, रिले टक् करी आणि खिटी जागची हलत नसे. मग तिने दाराची कडी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरली, त्यासरशी तो दाब आणखीच वाढला. शेवटी तिचा फोन आला: “अरे, तुझं हे कुलूप नुसतं ‘हो हो’ म्हणतंय आणि जागचं हलत नाही. मी जाते मागच्या दारानं. तू सवड झाली की ये आणि हे काढून ने.”

शालेय पुस्तके ज्याला नालकुंतल म्हणतात आणि बाजार ज्याला सोलेनॉइड म्हणतो, त्या यंत्राचा स्वभाव असा की, गाभा कुंडलीपासून जितका दूर, तितकी त्याची ओढ दुर्बल. अंतर दुप्पट झाले म्हणजे ती साधारणपणे चौथाईवर येते. म्हणजे अडकलेली खिटी मोकळी करण्याचा जो क्षण, त्याच क्षणी त्याच्या अंगी बळ सर्वांत कमी. व्होल्टेज वाढवून किंवा कुंडलीत वीज सतत खेळती ठेवून हा प्रश्न सुटत नाही. क्षणभराच्या कामासाठी गुंडाळलेली कुंडली तापते आणि एके दिवशी जळते. आमच्या कारागीर वाचकांनी येथे विचार करावा तो वेगळाच. वाड्यांच्या दाराला जो लाकडी अडसर असे, तो भिंतीच्या पोटातील पोकळीत ढिला सरकत असे, आणि तो सरकवणारा हात घरातल्या माणसाचा असे. सुताराने चौमासा जमेस धरून सांध सोडलेली असे. विजेकडून श्रम करवून घेण्याचा हव्यास सोडून तिच्याकडे केवळ परवानगीचे खाते सोपवावे, म्हणजे खिटी ओढण्याचे काम मुठीने करावे आणि सोलेनॉइडने फक्त त्या मुठीची आडकाठी दूर करावी, हे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. हुकूम विजेचा, श्रम हाताचे. चांगल्या प्रतीची अनेक तयार कुलपे याच तत्त्वावर चालतात, आणि त्यांच्या चार लहान सेलांना महिनोन्‌महिने पुरवठा करता येतो, त्याचेही रहस्य हेच.

विजेच्या जाण्याइतकेच तिचे येणे घातक असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. बाजारात मिळणारी रिलेची पुष्कळशी मॉड्यूले उलट्या रिवाजाची असतात. त्यांना शून्याची इशारत मिळाली म्हणजे रिले ओढला जातो. आता नवशिका मनुष्य प्रोग्रॅम लिहिताना प्रथम त्या पिनेस ‘बाहेर जाणारी’ म्हणून जाहीर करतो, मग पडद्यावर स्वागताचा मजकूर दोन सेकंद झळकवतो, आणि त्यानंतर सावकाश पिनेवर ‘एक’ लिहितो. जाहीर केल्या क्षणी पिनेवर मुळातच शून्य असते, सबब ती दोन सेकंद रिले ओढलेला आणि दार उघडे. भारनियमनाच्या गावात दर खेपेस वीज परतली की घर आपले दार स्वतःच उघडून पाहुण्यांची वाट पाहू लागते! आणि ज्या इमारतींत मीटरची पेटी जिन्याखाली असते, तेथे ही खेप घडवून आणण्यास एका बोटाचे काम पुरते. उपाय क्षुल्लक आहे: आधी ‘एक’ लिहावा, मग पिन जाहीर करावी. रिलेऐवजी मॉस्फेट वापरला असेल तर त्याच्या गेटापासून ऋण तारेपर्यंत १० किलो-ओहमचा रोध जोडावा, म्हणजे नियंत्रक अजून जागा झालेला नसतानाही गेट अधांतरी राहत नाही. कुंडलीस उलटा १एन४००७ डायोड जोडण्याविषयी आम्ही इतक्यांदा लिहिले आहे की, आता नुसता उल्लेख करून पुढे जातो. पट्ट्याची बाजू धनाकडे. आणि १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी दिमतीस ठेवावी, हेही ओघानेच आले.

गुप्तांकाच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या ठिकाणी आमचे लेखक आकड्यांच्या मोठेपणाला भुलतात. चार अंकांचा संकेत, म्हणजे १०,००० शक्यता; प्रत्येकीस चार बटणे, म्हणजे ४०,००० वेळा बोट चालवावे लागेल, असा हिशेब मांडून ते निश्चिंत होतात. ज्या कुलपाला ‘संकेत येथे संपला’ असे सांगणारे बटणच नाही, जे केवळ शेवटच्या चार अंकांकडे पाहत राहते, त्याच्यापुढे हा हिशेब टिकत नाही. शाळेत वृत्ते शिकताना आपण सर्वांनी ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र घोकले आहे. अक्षरे दहाच, पण ओळीने कोणतीही तीन घ्या, एक गण हाती येतो. एक अक्षर पुढे सरका, दुसरा गण. असे आठही गण त्या दहा अक्षरांत, एकही न वगळता आणि एकही न दुहेरता, सामावलेले आहेत. सुटे सुटे लिहावे तर चोवीस अक्षरे लागली असती. निकोलास दे ब्रॉइन या डच गणितज्ञाने १९४६ साली ज्या मालिकांचे विवेचन केले आणि ज्या आज त्याच्या नावाने ओळखल्या जातात, त्यांचे हे आपल्या छंदःशास्त्रातील घरगुती उदाहरण होय. हाच न्याय अंकांस लावला म्हणजे १०,००० चतुरंकी संकेत केवळ १०,००३ दाबांत ओवता येतात. सेकंदाला एक बटण धरले तर पावणेतीन तासांत सारा खेळ आटोपतो. संकेताच्या शेवटी एक बटण सक्तीचे करावे आणि तीन चुकांनंतर पाच मिनिटे कुलपाने कोणाचेच ऐकू नये, एवढी तजवीज केली की त्याच १०,००० शक्यतांना साडेअकरा दिवसांहून अधिक काळ लागतो. चुकांची ही मोजणी मात्र ईईप्रॉममध्ये, म्हणजे पक्क्या दप्तरात नोंदवावी. तात्पुरत्या स्मृतीत ठेवली तर पुन्हा तेच जिन्याखालचे बोट ती पुसून टाकते.

झिजलेल्या बटणांची कथा आणखी मौजेची आहे. चार बटणांचा रंग उडालेला दिसला की उरतात २४ क्रम. तीनच बटणे झिजलेली असतील, म्हणजे एक अंक दोनदा आला असेल, तर क्रम होतात ३६. कमी झीज अधिक लाभदायी ठरते, हे गणित आम्ही प्रथम केले तेव्हा आम्हांसही पुन्हा ताडून पाहावे लागले. सीडी ४०१७ या गणकावर बांधलेल्या जुन्या कुलपांत तर एक सर्वपरिचित रचना अशी की, संकेताबाहेरचे बटण दाबले म्हणजे गणक मूळपदावर येतो, पण संकेतातलेच बटण अवेळी दाबले तर काहीच घडत नाही. ती चार बटणे कोणती हे झिजेवरून कळले, की एकाच क्रमाने ती पुनःपुन्हा दाबीत जावे; फार तर १३ व्या दाबाला दार उघडते. हे कुलूप शिकण्यास उत्तम आहे आणि ते प्रत्येकाने एकदा बांधावे. घरच्या दारास मात्र लावू नये.

कार्डांविषयी थोडक्यात सांगतो. १२५ किलोहर्ट्झची स्वस्त ईएम४१०० कार्डे आपला ४० बिटांचा मजकूर जो कोणी विचारील त्यास सांगतात. पहारेकऱ्याने नाव विचारावे आणि आगंतुकाने उच्चारलेले नाव हीच सनद मानावी, असा हा व्यवहार आहे. १३.५६ मेगाहर्ट्झच्या मिफेअर क्लासिक कार्डांत गुप्तलेखन आहे खरे, पण नेदरलंड्समधील नायमेखन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ सालीच ते उलगडून दाखवले. आणि आमचे बहुतेक लेखक तर त्या गुप्तलेखनापर्यंत पोहोचतच नाहीत, कार्डाचा उघडा क्रमांक ताडून समाधान मानतात, ज्याची नक्कल करता येणारी कार्डे बाजारात मिळतात. एचटी१२ई च्या रिमोटास पत्तेच २५६. याहून गंभीर दोष जागेचा आहे. वाचक, नियंत्रक आणि रिले अशी सारी मंडळी एकाच डबीत कोंबून ती डबी दाराबाहेर लावलेली आम्ही पाहिली आहे. डबी उघडून रिलेच्या दोन तारा जोडल्या की कार्ड, बोटाचा ठसा आणि गुप्तांक हे सारेच निकालात निघतात. बाहेर फक्त विचारणारा असावा; ठरवणारा भिंतीच्या आतच असला पाहिजे.

असे दोष छापून तुम्ही चोरांस विद्यादान करता, अशी कैफियत आमच्याकडे अधूनमधून येते. लंडनच्या पिकाडिलीतील दुकानाच्या खिडकीत जोसेफ ब्रामाचे कुलूप, ते उघडणारास २०० गिनींचे इनाम जाहीर करून, १७९० पासून मांडलेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या हॉब्ज नामक अमेरिकी कारागिराने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडले, तेव्हाही लंडनमध्ये असाच गहजब झाला. त्या घटनेने इंग्लंडातील कुलुपे बिघडली नाहीत, सुधारली. पुढे १८८३ साली केर्कहॉफ्सने गुप्तलेखनाविषयी जे तत्त्व मांडले, की यंत्राची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, तेच आमच्या व्यवसायासही लागू आहे. ज्या कुलपाचा भरवसा वाचकाच्या अज्ञानावर आहे, त्याची आकृती छापण्यास आम्हांस संकोच वाटतो. ज्याचा तसा नाही, त्याची छापण्यात भीती कसली?

एका बाबतीत आम्ही कोणाचीही मुनसफी चालू देणार नाही. दाराच्या आतल्या बाजूस, विजेची, बॅटरीची वा संकेताची अपेक्षा न ठेवता, अंधारात हाताला सापडेल अशी एक मूठ असलीच पाहिजे, आणि ती फिरवली की दार उघडलेच पाहिजे. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीविना उघडता यावे, हे राष्ट्रीय इमारत संहितेनेही सांगितलेले आहे. घर पेटले असता चौथा अंक आठवत बसणारे म्हातारे माणूस डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे या कलमाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. बाहेरून एक साधी पितळी किल्लीही चालू ठेवावी. १८९७ साली लालबागेत गोदरेजांनी कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून आपल्या घरांत जी वस्तू रुळली आहे, तिला सेवानिवृत्त करण्याची घाई नको.

तरी आमच्या लेखकबंधूंना विनंती की, यापुढे कुलपाची आकृती धाडताना तिच्यासोबत एक वेगळा कागद जोडावा. त्यावर, मुख्य वीज दहा वेळा बंद-चालू केली असता दाराने दर खेपेस काय केले, बॅटरी काढली असता काय केले, बाहेरच्या तारा एकमेकींस जोडल्या आणि तोडल्या असता काय केले, आणि शक्य असल्यास एक पावसाळा लोटल्यावर काय केले, हे आपल्या अक्षरात लिहावे. तो कागद नसलेली आकृती, मग ती कितीही देखणी असो, परत पाठवली जाईल.