विषयाच्या कपाळी शिक्का कशाला?

फेब्रुवारी ते जून हा चंद्रपूर-गडचिरोलीत वणव्यांचा हंगाम. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कुठे काडी लावतात, आणि पुढचे वारा पाहून घेतो. उपग्रहाने आग टिपली की देहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून नोंदणी केलेल्यांना, थेट बीटपर्यंत, एसएमएस आणि ई-मेलने सूचना येते. पण त्याच इनबॉक्समध्ये बैठकीची सूचना येते, तेंदू लिलावाचे तक्ते येतात, ‘आजच्या आज माहिती सादर करावी’ असे बजावणारी पत्रेही येतात. यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: सामायिक पत्त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक मेलच्या विषयाआधी कंसात त्या गटाचे नाव आपोआप चिकटवावे. बघताक्षणी टपाल ओळखू येईल.

दिसायला युक्तिवाद बिनतोड आहे. तो टिकत नाही तो मोबाइलच्या पडद्यावर. तिथे विषयाची एकच अरुंद ओळ दिसते. ‘[चंद्रपूर वनवृत्त अग्निसूचना गट]’ एवढे त्या ओळीत बसले की पुढची आग कुठल्या परिक्षेत्रात आहे हे कापले जाते. असे वीस मेल एकाखाली एक आले की वीसही एकसारखेच दिसतात. जी खूण सगळ्यांवर सारखी, ती त्यातल्या एकाबद्दलही काही सांगत नाही.

खूण नकोच, असे मात्र नाही. ती कुठे असावी, एवढाच वाद आहे.

याचे उत्तर मराठी माणसाने पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने छाननीचा जिल्हा ठरतो, उरलेले तीन वाटप करणाऱ्या डाकघराचे. हे सहा अंक पाकिटावर, पत्त्याच्या शेवटी. आतल्या मजकुराला कोणी हात लावत नाही. शिवाय हा आकडा छाननी करणाऱ्याच्या सोयीचा आहे, जिल्ह्याच्या अस्मितेचा नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, तरी चंद्रपूर ४४२४०१ आणि गडचिरोली ४४२६०५ यांचे पहिले तीन अंक आजही एकच आहेत, वर्धाही त्यांच्यातच. उलट गडचिरोली जिल्ह्यातलेच आरमोरी ४४१२०८.

ई-मेललाही असे पाकीट आहे. सामायिक पत्त्यावरून आलेल्या मेलच्या शीर्षनोंदींत गटाची ओळख ‘लिस्ट-आयडी’ या वेगळ्या रकान्यात लिहावी, हे मानक मार्च २००१ पासून आहे. वाचणाऱ्याला तो रकाना दिसत नाही, पण फिल्टरला दिसतो, आणि मेल आपापल्या कप्प्यात जाऊन पडतो. विषयात ढवळाढवळ केली तर वेगळाच घोळ होतो. आज बहुतेक मेलवर पाठवणाऱ्या सेवेची डिजिटल सही असते आणि तिच्या हिशेबात सहसा विषयही धरलेला असतो. वाटेत कोणी त्यात चार अक्षरे घातली की सही जुळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने सही न जुळणारे मेल नाकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा जगभरच्या गटांतून याहूवाल्यांची पत्रे परत येऊ लागली.

एसएमएसच्या बाबतीत ट्रायनेही हाच मार्ग धरला. २०२५ पासून व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याच्या नावामागे एक अक्षर लागते: जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’, सरकारी संदेशाला ‘जी’. शिक्का नावाला, मजकूर मोकळा.

आता खरा आक्षेप. भामरागड-एटापल्लीकडे रेंजचीच मारामार, तिथे फिल्टर लावत कोण बसणार? आक्षेपात तथ्य आहे, कारण जीमेलचा फिल्टर साधारणपणे संगणकावरूनच लावावा लागतो. पण तो एकदाच लावायचा असतो. कार्यालयातल्या संगणकावर कोणी लावून दिला की त्याच खात्याच्या मोबाइलवर कप्पे आपोआप दिसतात. याउलट विषयातला कंस प्रत्येकाला प्रत्येक मेलमागे ओलांडावा लागतो.

आणि सरकारी कार्यालयाला हे नव्याने शिकवायला नको. तिथल्या पत्रात जावक क्रमांक वर एका बाजूला, ‘संदर्भ’ आपल्या ओळीत आणि ‘विषय’ आपल्या ओळीत. जावक क्रमांक विषयात कोंबणाऱ्या लिपिकाला साहेब पत्र पुन्हा टंकायला लावतील. कागदावर पाळलेली शिस्त संगणकावर आली की का सुटते, कोण जाणे!

एक सवलत मात्र द्यायला हवी. पाठवणाऱ्याने स्वतः, गरज असेल तेव्हाच, ‘तातडीचे’ लिहिले तर ती खूण कामाची, कारण ती पत्रागणिक बदलते. वणव्याच्या दिवसांत आलापल्ली विभागातून निघालेल्या मेलचा विषय कक्ष क्रमांकाने सुरू व्हावा आणि लगेच पुढे आग चालू आहे की विझली, हे यावे. गटाचे नाव फिल्टर वाचेल.