ऑपरेशन एकीचं, पथ्य घराचं

मागच्या महिन्यात विहारातली बायकांची बैठक आटोपून निघाले, तर एका ताईने हात धरून मला कोपऱ्यात नेलं. मोबाईलमधली जाहिरात दाखवली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. "सिस्टर, हे चरबी काढायचं ऑपरेशन करून टाकू का? घरचे प्लॉट विकायला तयार आहेत." दवाखान्याची नोकरी सोडून मला सात वर्षं झाली, पण भुसावळात मी अजून सिस्टरच आहे. उभ्या उभ्या तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून या महिन्याचं पान त्यावर.

आधी एक गैरसमज दूर करू. या ऑपरेशनात चरबी काढत नाहीत. चरबी ओढून काढणं हा वेगळा प्रकार आहे, तो शरीराला आकार देण्यासाठी करतात. वजनाच्या ऑपरेशनात, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरीत, जठर लहान करतात. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढतात. उरते ती आपल्या रावेर-यावलच्या केळ्यासारखी एक नळी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. थोडक्यात पोट भरतं, भूक कमी होते, आणि शुगरवर फार चांगला परिणाम होतो. दिल्ली-मुंबईत हे कितीतरी वर्षं चालू आहे. नितीन गडकरींनी २०११ मध्ये करून घेतलं. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईत आणली गेली, तेव्हा टीव्हीमुळे हे नाव आपल्या वस्त्यांपर्यंत पोचलं. मी या ऑपरेशनच्या विरोधात नाही. ज्याला खरी गरज आहे त्याचं आयुष्य यातून वाढतं, हे मी वॉर्डात पाहिलंय.

गरज कोणाला, ते मोजायला सोपं आहे. वजन किलोत घ्या आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. आपल्याकडचे सर्जन बरीच वर्षं ३७.५ च्या पुढे ऑपरेशन सुचवत आले. सोबत शुगर, बीपीसारखा आजार असेल तर ३२.५ च्या पुढे. २०२२ पासून जागतिक संघटनांनी ही मर्यादा आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी २७.५ वर आणली आहे. विमा कंपनी मात्र ४० च्या खाली सहसा पैसे देत नाही. शुगर हाताबाहेर गेली असेल किंवा हृदयाचा, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असेल तर ३५. त्या ताईची उंची पाच फूट, वजन साठ किलो. आकडा २६. तिला म्हटलं, बाई, प्लॉट राहू दे.

आता दुसरीची गोष्ट. नाव सांगत नाही, वस्तीतल्या निम्म्या बायकांना तरी ती ओळखू येईल. चार वर्षांपूर्वी तिचं वजन १०८ किलो होतं. इन्सुलिन चालू, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा. तिला मीच म्हटलं होतं, कर ऑपरेशन. बाहेरगावी झालं, कर्ज काढून झालं, व्यवस्थित झालं. सव्वा वर्षात चाळीस किलो उतरले. इन्सुलिन सुटलं. स्टेशनचा दादरा न थांबता चढू लागली. मी सगळीकडे तिचं उदाहरण द्यायचे.

आणि मग दीड-दोन वर्षांत चौदा किलो परत आले. हिमोग्लोबिन सातवर, तळपायाला मुंग्या, डोक्यावरचे केस मुठीने गेलेले. घरी गेले तेव्हा कळलं. कर्जाचा हप्ता भरायचा म्हणून लोहाच्या, बी-१२ च्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिन्यांतच बंद केलेल्या. त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, हे तिला दवाखान्यातून निघताना एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं होतं. ताटातलं जेवण ती कमीच करत होती. पण दिवसभर चहा-बिस्किट, येता-जाता मूठभर शेव, नातवंडाच्या हातचे वेफर्स. लहान केलेलं जठर भाकरीला अडवतं, शेव आणि गोड चहाला अडवत नाही. ते सरकत खाली जातात.

सासूबाई दारात बसून मला म्हणाल्या, "किती वाळली माही सून. खाय म्हटलं तं खात नाही, म्हणून चहात दोन चमचे साखर मीच जास्त टाकते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग आला नाही. त्या पिढीने भूक पाहिली आहे. मागून आणलेलं, शिळं, उरलेलं खाल्लं आहे. भरलेलं ताट आणि अंगावरचं मांस ही त्यांच्यासाठी इज्जत आहे. आपल्याकडे सून जाड झाली की माहेरचे खूश होतात, खात्यापित्या घरी दिली म्हणतात. ही माया चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण कोणीतरी त्यांना आधी बसवून सांगायला हवं होतं. ते काम माझं होतं. मी बाईला समजावलं, घराला बोलावलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: चूल बदलणार नसेल तर ऑपरेशनसाठी कर्ज काढू नका. आणि चूल बदलली तर पुष्कळ जणींना ऑपरेशन लागणारच नाही.

आपले वडील-आजे गँगमन होते. पाच भाकरी खायचे आणि दिवसभर रुळावर घाम गाळायचे. पोरगा आता रिक्षा चालवतो, सून शिलाई मशिनवर बसते. काम बदललं, ताट तेच राहिलं, उलट त्यात तर्री वाढली. शेवभाजीवर बोटभर तेल तरंगलं नाही तर आपल्याला ती खानदेशची वाटत नाही. भरिताच्या पार्टीत वांगी किती आणि तेल किती, ते एकदा बघा. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरतं. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिना जात नसेल, तर अडीचपट चाललंय. दुसरीकडे अंगाला लागणारं प्रोटीन कमी झालं. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाच्या घरातलं स्वस्त मांस गेलं. त्या जागी काय आलं? फरसाण. म्हणून २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशात चारातली जवळपास एक बाई जादा वजनाची, आणि निम्म्याहून जास्त बायका रक्त कमी असलेल्या. कित्येकदा दोन्ही एकाच बाईत.

ऑपरेशन झालेल्याला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. घट्ट वरण, चिकन, सुकट, दही, भिजवलेले हरभरे, सोयाबीनच्या वड्या, यांतून ते जमतं. डब्यातली महाग पावडर प्रत्येकाला लागतेच असं नाही. ताटात आधी हे, मग भाजी, भाकरी शेवटी. पहिले दोनेक आठवडे फक्त पातळ, मग मऊ, साधं जेवण दीड-दोन महिन्यांनी. घास चावून चावून. जेवताना पाणी नाही, अर्धा तास मागेपुढे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत आपल्याकडे घरोघर गेली, पण जठर कापलेल्याने ती धरू नये. एका वेळी मूठभरच जातं, मग दोनदा जेवून साठ ग्रॅम होणार कसं? अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर घेऊ नका, जठराला जखम होते. दारू अशा माणसाला फार लवकर चढते, हे नवरेमंडळींनी खास वाचावं. पोरीबाळींनी ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी करायच्या, मनाने नाही.

चालण्याचं म्हणाल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून चालवतात, पुढे रोज अर्धा तास तरी हवं. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे पहाटेच. एकटी बाई पहाटे निघाली की लोक बघतात, कुत्री मागे लागतात. पाच जणी निघाल्या की कोणी काही बोलत नाही.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदीची गोष्ट आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रेत जेवण्याविषयी चार ओळी सांगितल्या. राजाने काय केलं? सुदस्सन नावाच्या तरुणाला त्या पाठ करायला लावल्या आणि रोज जेवताना मागे उभं राहून म्हणायला बसवलं, रोजच्या शंभर नाण्यांवर. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला. राजालासुद्धा मागे माणूस लागला! आपल्या बाईच्या मागे शंभर नाण्यांचा माणूस कोण ठेवणार? ते घरच्यांनीच करायचं.

त्या घरी आता सासूबाईच चहात साखर टाकत नाहीत, सगळ्यांच्याच. गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतःच्या उशाशी ठेवलाय. तेलाचा डबा दोन महिने जातो. चौदातले सहा किलो उतरले, हिमोग्लोबिन दहावर आलंय. केस अजून विरळच आहेत.

विहार समित्यांकडे माझी एक मागणी आहे. एक वजनकाटा आणि एक मोजपट्टी विहारात ठेवा. बाईची कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषाची ९० च्या पुढे गेली की तपासणी करायला सांगा. १४ एप्रिलला आणि १४ ऑक्टोबरला बुंदीच्या जोडीला उकडलेले हरभरे, अंडी आणि ताक ठेवा. वैशाख पौर्णिमेची खीर राहू द्या, वाटी लहान करा.

प्लॉटवाल्या ताईला मी रविवारी पहाटे साडेपाचला विहाराच्या गेटपाशी बोलावलंय. तुम्हीही या. येताना पाण्याची बाटली आणा, आणि जमलं तर सासूबाईंनाही आणा.