आधी आखणी, मग आवतण

नव्या शहराकडे व्यापार-उद्योग ओढून आणावयाचा म्हटले, की करमाफी, स्वस्त वीज आणि अनुदाने यांचीच चर्चा प्रथम सुरू होते. या सवलती निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो मनुष्य आपले व आपल्या आप्तांचे भांडवल एखाद्या गावी गुंतवितो, तो दोन-चार वर्षांच्या माफीकडे पाहून नव्हे, तर दुकानासमोरचा रस्ता, कारखान्याचे पाणी आणि जागेवरचा हक्क पुढच्या पिढीपर्यंत निर्वेध राहील, या भरवशावर गुंतवितो. आणि हा भरवसा नीट आखलेल्या शहराखेरीज दुसरे कोणी देऊ शकत नाही. खानदेशाला हे बाहेरून शिकण्याचे कारण नाही. धुळे आणि जळगाव ही शहरे वाढली कशी, एवढे आठवले तरी पुरे.

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा सततच्या धामधुमीने हा मुलूख उजाड झाला होता. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले, त्या वेळी पांझरा नदी आणि पाटाचे पाणी यांच्यामध्ये दाटलेल्या त्या गावात ४०१ घरे आणि २५०९ माणसे होती. पुण्याहून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे मोक्याचे ठिकाण खरे. परंतु केवळ स्थानमाहात्म्यावर विसंबून न राहता ब्रिग्जने दूरदूरचे कारागीर आणून कचेऱ्या बांधविल्या, घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि जुन्या रहिवाशांबरोबर परक्यांनाही पक्की घरे उभारण्यासाठी आगाऊ रकमा दिल्या. पेशवाईत नवी पेठ वसविताना व्यापाऱ्यांना सवलतीचा कौल देण्याची जी रीत होती, तिच्याशी हे धोरण मिळतेजुळतेच होते. १८७२ पर्यंत धुळ्याची वस्ती १२,४८९ वर गेली.

या धोरणातले मर्म सवलतीपेक्षा तिच्या क्रमात आहे. आधी जागा ठरली, मग माणसे बोलाविली गेली. जुन्या धुळ्यातील वेडीवाकडी घरे ओलांडून आग्रा रोडच्या बाजूस आले, की क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या लागतात. परगावचा आडत्या किंवा मालमोटारीचा चालक, ज्याला गावात कोणी ओळखत नाही, तोही गल्लीचा क्रमांक विचारून इच्छित पेढीवर पोहोचतो. अनोळखी माणसाला कोणाच्या ओळखीपाळखीवाचून व्यवहार करता येणे, हीच बाजारपेठेची पहिली गरज होय.

यावर कोणी म्हणेल, की जळगावास मोठे केले ते आखणीने नव्हे, रेल्वेने. आक्षेप रास्त आहे. मुख्य लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला आणि धुळ्यास १९०० च्या सुमारास चाळीसगावाहून आलेल्या फाट्यावर समाधान मानावे लागले, याचे परिणाम त्या शहराने दीर्घकाळ भोगले. तथापि लोहमार्ग म्हसावद आणि शिरसोलीवरूनही गेला. तेथे जळगाव का झाले नाही? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. त्या आघातातून जळगाव सावरले. कारण तेथे कापसाबरोबर सरकी काढण्याचे व गाठी दाबण्याचे कारखाने, सूतगिरणी, आणि कलेक्टर पोलन यांच्या नावाची पोलनपेठ अशी स्थिर वस्ती उभी राहत होती. रेल्वेने माल आणला. पेठेने व्यापारी टिकविला. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले, ते या पायावर.

दोन्ही शहरांना २००३ मध्ये महानगरपालिका मिळाली. पण तो जुना क्रम मात्र उलटला आहे. आता आधी घरे होतात, मग रस्ता शोधला जातो. जळगावात राष्ट्रीय महामार्ग भर वस्तीतून गेला आणि त्याच्या बाजूने समांतर रस्ते व्हावेत म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. डाळमिल काढू पाहणारा मनुष्य पावसाळ्यात भरलेला ट्रक फाटकातून वळेल काय आणि कामगार सायकलीवरून सुखरूप घरी जाईल काय, हे आधी पाहतो. औद्योगिक वसाहतीत भूखंड मिळाला तरी मुलांची शाळा, पिण्याचे पाणी आणि राहते घर शहरातच असते.

उपाय अप्राप्य नाही. १९१५ च्या मुंबई इलाख्यातील कायद्यापासून नगररचना योजनेची तरतूद आपल्याकडे आहे आणि १९६६ च्या अधिनियमाने ती कायम ठेवली आहे. तीत विखुरलेली शेते एकत्र आखून, रस्ते, गटारे व मोकळ्या जागा काढून, प्रत्येक मालकास सुबक आकाराचा भूखंड परत मिळतो. कोणा एकाचीच जमीन रस्त्यात जात नाही. मनमाड-इंदूर लोहमार्गास केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली असून तो धुळ्यावरून जाणार आहे. गाडी येण्यापूर्वी स्थानकाभोवतीची जमीन अशा योजनेखाली आली नाही, तर तिचे तुकडे पडून गुंठेवारी होईल, आणि जे काम आज नकाशावर रेघ ओढून साधते, ते उद्या घरे पाडून करावे लागेल. दोन्ही महापालिकांनी उद्योजकांच्या परिषदा अवश्य भरवाव्यात. परंतु विकास योजनेतील कोणता रस्ता कोणत्या वर्षी खुला होईल, याचे जाहीर वेळापत्रक आधी नागरिकांच्या हाती द्यावे आणि ते पाळावे. गावचे लोक ज्या शब्दावर विश्वास ठेवतात, त्यावरच परगावचा भांडवलदार पैसा लावतो.