शालीबरोबर कागदही

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. इंग्रजांनी बंद केलेली महारांची लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सुभेदार रामजींचे पुत्र बाबासाहेब यांनी सतत पाठपुरावा केला होता. त्याची आठवण म्हणून आम्ही यंदाही विहारात माजी सैनिकांचा सत्कार केला. त्रिशरण-पंचशील झाले, शाली दिल्या, भाषणे झाली.

शेवटच्या रांगेत एक आजी होत्या. त्यांचे मालक १९७१ च्या युद्धात लढलेले. शाल घेताना त्या म्हणाल्या, "बाळा, शाल मिळाली; पेन्शन कधी मिळंल?" लष्करी नोंदीत त्यांचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. तेवढ्यावरून कुटुंब निवृत्तिवेतन अडलेले. आम्ही खाली मान घातली.

त्याच आठवड्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही आजींसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. अर्ज दिला आहे, निकाल यायचा आहे.

बंधू-भगिनींनो, घरातील सैनिकाचे कागद आजच पेटीतून काढा. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का, ते पाहा. चूक असेल तर त्यांच्या हयातीतच दुरुस्त करून घ्या. पुढच्या वर्षी आमच्या विहारात सत्काराच्या व्यासपीठाशेजारी अर्ज भरून देणारे एक टेबलही असेल.

जय भीम!