निकालात नसलेली पोरं

८ जून २०१९ ला दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ७७.१० टक्के. आपला नागपूर विभाग ६७.२७ टक्के, सगळ्या विभागांत खाली. त्याच्या आधीच्या वर्षी, २०१८ मध्ये, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. एका वर्षात बारा टक्के घसरला. गावात लगेच बोलणं सुरू झालं, "पोट्टे अभ्यासच करत नाहीत", "मोबाईलनं वाटोळं केलं", "आपली शाळाच खराब".

पोट्टे एका वर्षात इतके बदलत नाहीत. बदलला तो नियम. भाषा विषयांत तोंडी परीक्षेचे २० गुण शाळेच्या हाती होते, ते २०१९ मध्ये काढले आणि पूर्ण १०० गुणांचा पेपर लेखी झाला. ज्या घरात गोंडी नाहीतर कोलामी बोलतात, मराठी शाळेत गेल्यावर शिकतात आणि इंग्रजी फक्त पुस्तकात पाहतात, त्या घरच्या पोराला हा फटका जास्त बसणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं, की टक्का पाहिला की आधी विचारा, तो मोजला कसा?

जंगलाकाठच्या छोट्या सरकारी हायस्कुलात आज कोण शिकते ते पाहा. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याचं पोर सकाळी गाडीत बसून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जाते. मागे उरतात गोंड, कोलाम, भूमिहीन मजुरांची लेकरं, आणि मुली, कारण मुलीला दूर पाठवायला घरचे भितात. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख, त्यात अनुसूचित जमाती साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नऊ माणसांत एक. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रातही नाही. म्हणून जिल्ह्याच्या आकड्यात आपण दिसत नाही. पण सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी, समुद्रपूरच्या जंगलपट्टीतल्या वर्गात जाऊन बसा, आपलीच पोरं दिसतील.

अशा शाळेचा टक्का फार फसवा असतो. समजा बारा पोरं परीक्षेला बसली आणि आठ पास झाली. निकाल जवळपास ६७ टक्के. एकच पोरगी आणखी पास झाली असती तर तोच निकाल ७५ होतो. एका लेकराच्या तापानं शाळेचा टक्का आठनं हलते. पाचशे पोरांच्या शाळेसोबत तिची तुलना करून "खराब शाळा" म्हणणं हा न्याय नाही.

उलटंही होते. समजा आठवीत वीस पोरं होती. दहावीला बारा बसली, बाराही पास. शाळेच्या फाटकावर फलक लागते, "निकाल १०० टक्के". आठ पोरं कुठं गेली? त्यांना कोणी नापास केलं नाही. ती मोजणीतच नाहीत. वीसातले बारा म्हणजे ६० टक्के, पण तसा फलक कोणी लावत नाही.

आमच्यातले बरेच जण अशाच शाळेत शिकले. दहावीचा फोटो काढून पाहिला तर त्यात आम्ही अकरा जण. पाचवीत सोबत कोण कोण होतं ते आम्ही बोटांवर मोजायला बसलो, तर दोन्ही हातांची बोटं दोनदा पुरली नाहीत. कोणी दिवाळीत कापूस वेचायला गेलं ते परत आलंच नाही. कोणाची माय आजारी पडली, लहान भावाले पाहायला घरी कोणी नव्हतं. कोणी नववीत राहिलं. नववी ही खरी गळती आहे. सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांना शिक्षण हक्क कायदा धरून ठेवतो. आठवीनंतर तो हात सुटते. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या पोराला नववीतच अडवतात, नाहीतर सांगतात, "१७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस." बाहेरून बसलेलं पोर शाळेच्या निकालात येत नाही. एक बाई आम्हाला म्हणाल्या, "मास्तरनं बाहेरून बस म्हटलं, पोरगं बाहेरच राहिलं."

त्यात आमचं वर्षाचं गणित शाळेच्या गणिताशी जुळत नाही. दिवाळीच्या आगंमागं कापूस. २०१९ मध्ये दहावीची परीक्षा १ ते २२ मार्च होती. त्याच महिन्यात मोहा पडायला लागते. पहाटे मोहाखाली वाकलेलं पोर अकरा वाजता पेपरला बसते. याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षं मोफत शिक्षण, मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून, असं तिथं ठरलं. पुढं डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला. त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. आमच्या पोराला मोहा, तेंदू, कापूस सगळं येते. त्याचा एक गुण नाही, उलट त्यासाठी गैरहजेरी लागते.

आता कोणी म्हणेल, ही बुलेटिन जमिनीची, तुम्ही शाळेचं काय घेऊन बसले? साथींनो, १३ फेब्रुवारी २०१९ आठवा. ज्यांचे वनहक्क दावे नामंजूर झाले त्यांना जमिनीवरून काढा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी दहावीचा पहिला पेपर होता. त्या पंधरा दिवसांत घरोघरी कागद शोधले कोणी? नोटीस वाचून दाखवली कोणी? आपल्याच शिकत्या पोरापोरींनी. दाव्यात आपण एक गोष्ट शिकलो आहोत, की ज्याचं नाव कागदावर नाही तो कितीही वर्षं जमीन कसत असला तरी सरकारी मोजणीत नाही. शाळेतही तेच आहे. मार्चच्या यादीत नाव नसलेलं पोर कोणाच्या मोजणीत नाही.

आणि कमी पट, कमी निकाल दाखवून शाळाच उचलायची हेही होऊ शकते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळेत मिळवायचं शासनानं ठरवलं होतं. जवळची म्हणजे कोणासाठी जवळची? पोडावरच्या मुलीसाठी मधात जंगल आहे, नाला आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीवरून शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. म्हणजे जो कायदा आपल्याला जमीन देतो तोच शाळेलाही जागा देतो. ती शाळा राखणं हा जमिनीच्या लढ्याचाच भाग आहे.

जूनच्या सुट्ट्या संपून शाळा उघडतील. त्याआधी ग्रामसभेत एवढं करा.

एक, तीन वर्षांआधी आठवीत कोण कोण होतं त्यांची नावं लिहा. त्यातलं कोण यंदा दहावीला बसलं, कोण पास झालं, आणि जे बसलं नाही ते आज कुठं आहे, हे प्रत्येक नावासमोर लिहा. शाळेनं पट दाखवला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते.

दोन, दहावीत जे राहिले त्यांच्यासाठी फेरपरीक्षा असते. तिचा फॉर्म वेळेत भरा. एक-दोन विषय राहिले असतील तर अकरावीला प्रवेश मिळू शकते, घरी बसवू नका.

तीन, नववीत राहिलेल्या पोराच्या घरी जा. त्याला शाळेतच पुन्हा बसवा. १७ नंबरच्या फॉर्मवर मायबापानं विचारल्याशिवाय सही करू नये.

यादी तयार झाली की आमच्याकडे एक प्रत पाठवा. सगळ्या गावांच्या याद्या एकत्र करून आपण शिक्षणाधिकाऱ्यांपुढं ठेवू. त्यांच्याजवळ टक्के आहेत. आपल्याजवळ नावं असतील.

जय सेवा!