पॉइंट टू-टू आणि वारा

एन. सी. सी.त ज्यांनी खाकी चढवली असेल त्यांना ‘पॉइंट टू-टू’ म्हणजे काय हे सांगायला नको. बोटाच्या पेराएवढे काडतूस, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. त्यामुळे हे आपले मुलांचे खेळणे, असा पुष्कळांचा ग्रह होतो. याच जातीच्या काडतुसाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हा तुमच्या घरातले कोणी या खेळाचा हट्ट धरून बसले असेल, तर ही गोळी वाऱ्यात आणि निशाणावर कशी वागते ते एकदा पाहून ठेवावे.

स्पर्धेतली गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, निव्वळ शिशाची. नळीतून ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि ५० मीटर अंतर सेकंदाच्या सहाव्या हिश्शात कापते. तेवढ्यात पृथ्वी तिला बारा सेंटिमीटर खाली ओढते. पण हे ओढणे दर वेळी सारखेच, म्हणून नेमाची यंत्रणा एकदा जुळवली की काम भागते. वारा मात्र असा शहाण्यासारखा वागत नाही.

निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. ताशी १६ किलोमीटरचा वारा बाजूने आला, तर गोळी सुमारे तीन सेंटिमीटर सरकते आणि दहावर धरलेला नेम सातापाशी जाऊन बसतो. लंडनला २०१२ साली जॉयदीप कर्माकर यांचे कांस्यपदक अवघ्या १.९ गुणांनी हुकले होते, हे लक्षात घेतले म्हणजे तीन सेंटिमीटरची किंमत कळेल.

आता गंमत पाहा. वाऱ्याने गोळीला पानासारखे वाहून नेले असते, तर तेवढ्याच वेळात ती सत्तर सेंटिमीटर गेली असती. मग तीनच का? फिरत्या भोवऱ्यासारखी गोळी आपले नाक समोरून येणाऱ्या हवेकडे धरून जाते, त्यामुळे वाऱ्याचा धक्का तिच्या कुशीला फारसा बसत नाही. ती सरकते ती हवेच्या अडवणुकीमुळे. हवा मुळीच नसती तर जो वेळ लागला असता, त्याहून सेकंदाचे सुमारे सात हजारांश तिला अधिक लागतात. या हरवलेल्या वेळाला वाऱ्याच्या वेगाने गुणले की तीन सेंटिमीटर हाती येतात.

“मग जास्त वेगाचे काडतूस वापरावे!” असे कोणीही म्हणेल. इथेच फसगत होते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या सुमारास. त्याच्या आसपास आणि वर हवेची अडवणूक एकाएकी वाढते. सेकंदाला ३८० मीटरने निघालेली गोळी लवकर पोचते खरी, पण वाटेत वेळ अधिक हरवते आणि वाऱ्यात अधिक सरकते. म्हणून स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीहून मंद ठेवतात. घाईने जाणारा वाटेत अधिक लुटला जातो, असाच काहीसा प्रकार!

मैदानात १० आणि ३० मीटरवर कापडाच्या लहान पट्ट्या फडकत असतात. जाणता नेमबाज त्यांकडे पाहून चाप ओढतो, नाही तर थांबतो. नेमबाजाजवळचा वारा अधिक छळतो, कारण तिथे लागलेला तिरकेपणा पुढचे सारे अंतर वाढतच जातो. शिवाय नळीतल्या पेचांनी गोळी उजवीकडे फिरत असेल, तर उजवीकडचा वारा तिला डावीकडे नेतानेता किंचित वरही उचलतो आणि डावीकडचा वारा किंचित खाली दाबतो.

आता आघाताविषयी. नळीतून निघताना गोळीत सुमारे १४० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण तेवढीच. पण चेंडू ढकलतो आणि गोळी घुसते, कारण सारा जोर साडेपाच मिलिमीटरच्या टोकावर एकवटलेला असतो. चित्रपटात गोळी लागताच माणूस मागे उडतो, तो दिग्दर्शकाच्या कृपेने.

पोलादाच्या पत्र्यावर सरळ आदळली तर ही शिशाची गोळी चेपून टिकलीसारखी होते. दगडावर किंवा पाण्यावर निसटत्या कोनात लागली, तर मात्र ठिकरीसारखी उसळते, आणि वेडीवाकडी झालेली गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. अडवायला काही नसेल, तर तिरपी सुटलेली गोळी किलोमीटरहून लांब जाते. एवढ्या अंतरात एखादी वस्ती सहज मावते.

म्हणून क्लब पाहायला जाल तेव्हा भिंतीवरच्या ढालींआधी निशाणामागचा बांध पाहा. तो पुरेसा उंच आहे ना, मातीत दगडगोटे नाहीत ना, हे विचारा. चांगल्या शिक्षकाला असल्या प्रश्नांचा राग येत नाही. आणि मुलगा किंवा मुलगी सराव करून परतली, की साबणाने हात धुवायला लावून मगच फराळाचे ताट पुढे करा. शिशाचा अंश बोटांना लागलेला असतो, तो चकलीबरोबर पोटात जायला नको.